हवालदारांची पिकअप

पिकअप घेतली तेव्हा दिल्लीत पालमच्या त्या मोकळ्या मैदानात आम्ही चौघं होतो. आमचे हवालदार, मी, आमचा मुलगा संतोष आणि गाडी विकणारे सुभेदार. पाचवं कुणी नव्हतं. हवालदार आता नाहीत, संतोष त्या दिवसाबद्दल बोलत नाही आणि सुभेदार बोलणार नाहीत. म्हणून मी सांगते.

हवालदार म्हणजे माझे मालक. फौजेत गाड्या दुरुस्त करायचे. सगळी गल्ली त्यांना हवालदार म्हणायची, मग मीपण म्हणायला लागले. त्यांच्या खिशात कायम एक लांब पेचकस, म्हणजे स्क्रू ड्रायव्हर. त्याचं टोक इंजिनाला टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटून ऐकायचं. घरातसुद्धा तेच. कूलर झाला, पाण्याची मोटर झाली, मिक्सर झाला. एका थंडीत मला खोकला धरला, तर माझ्याच पाठीला पेचकस लावून म्हणाले, "मशीन ठीक आहे, फिल्टर भरलाय." मी म्हटलं, "दिल्लीत कुणाचा भरलेला नाही?"

फौजेनं त्यांना वय झालं म्हणून घरी पाठवलं, तेव्हा ते एकट्यानं ट्रकचं चाक बसवायचे. ते त्यांना कधी पचलं नाही. म्हणायचे, "वय कागदाला होतं गं. गाडीचं वय तिच्या आवाजात असतं." फौजेत संतोषपेक्षा जुने ट्रक पहाडावर चढवलेत म्हणे त्यांनी. पेन्शन होती, पण रिकामे हात त्यांना सोसेनात. मग एका सोसायटीच्या गेटवर उभे राहिले. येणाऱ्याजाणाऱ्या गाड्यांना सलाम करायचा. बरीच वर्षं काढली तशी. घरी आले की जेवताना एक शब्द बोलायचे नाहीत. एकदा मात्र बोलले, "माझ्या हाताला आता फक्त कपाळाची वाट माहीत राहिली." तेव्हाच त्यांनी ठरवलं, आपली एक जुनी पिकअप घ्यायची. गॅरेजवाल्यांचं सामान वाहायचं आणि बंद पडलेल्या गाड्या ओढायच्या. ओढायच्या कामाला आमच्याकडे टोचन म्हणतात.

सुभेदार त्यांच्याच पलटणीतले, आपल्याच सातारा भागातले. त्यांची पिकअप उभी होती. हवालदारांनी बॉनेट उघडलं, पेचकस लावला आणि बराच वेळ ऐकत राहिले. मग हसले. असं हसलेले मी कितीतरी वर्षांत पाहिले नव्हते.

"काय म्हणते?" सुभेदारांनी विचारलं.

"जवान आहे," हवालदार म्हणाले.

संतोष दिल्लीत वाढलेला, त्याचं मराठी अर्धं हिंदीच. तो म्हणाला, "पापा, मॉडल कौनसे साल का है, ते तर विचारा."

"तू झालास तेव्हा तुझ्या आईला मॉडेल विचारलं होतं का मी?"

सुभेदार मोठ्यानं हसले. संतोषनं मोबाईल काढला. गाडीचा नंबर टाकला की त्यावर सगळं दिसतं म्हणे. हवालदारांनी त्याचा हात खाली दाबला. "खिशात घाल तो. माणसासमोर उभं राहून असं करतात का?"

सुभेदार म्हणाले, "राहू दे, पोरगं आहे. आणि नावावर करायची घाई नको. पुढे आपण दोघं मिळून आरटीओत जाऊ." ते पुढे कधी आलं नाही.

आमच्याकडे होतं ते सगळं त्या गाडीत गेलं. गावच्या घराचं काम अर्ध्यावर होतं, ते तसंच राहिलं. पण माणूस बदलला. मागे हूक बसवला, लोखंडी रॉड करून घेतला. सकाळी गाडी पुसताना गाणं म्हणायचे, अगदी बेसूर. संक्रांतीला इथल्या मराठी मंडळाची माणसं पानिपतला काला अंबला, लढाईच्या स्मारकाला गेली होती. येताना एकाची गाडी बंद पडली. फोन आल्यावर हातातली भाकरी ठेवून निघाले. त्यांना ओढत दिल्लीला आणलं आणि पैसे घेतले नाहीत. मी रागावले. म्हणाले, "अगं, पानिपताहून आपला माणूस मागं ठेवून यायचं नाही." मी भाकरी गरम करून दिली.

दिल्लीत डिझेलची गाडी दहा वर्षांची झाली की बंद. मग ती कितीही चांगली चालो. हे हवालदारांना ठाऊक होतं. आपली गाडी तेवढी जुनी असेल हे मात्र त्यांच्या मनात आलं नाही, कारण आवाज तसा नव्हता. घेऊन वर्ष भरायच्या आत पेट्रोल पंपावर पोलिसांनी तिला पकडलं. मी शेजारीच बसले होते. ते साहेबाला म्हणाले, "सर, एक बार सुन तो लीजिए," आणि पेचकस पुढे केला. साहेबानं पेचकसाकडे पाहिलं आणि दोन पावलं मागे सरला. त्याला वाटलं, म्हातारा मारतोय.

गाडी भंगारात न्यायला क्रेन आली. क्रेनवाला बंपरला हूक अडकवायला लागला. हवालदार पुढे झाले. "वहाँ नहीं भाई, टूट जाएगा. चेसिस में लगा." तरी त्याला जमेना, तेव्हा हे जमिनीवर झोपले, गाडीखाली गेले आणि स्वतःच्या हातानं हूक लावून दिला. उठून कपडे झाडले. मग आम्ही बसनं घरी आलो.

घरी येऊन त्यांनी सुभेदारांना फोन लावला. आवाज मोठा ठेवला होता, मी ऐकलं. सुभेदार म्हणाले, "तू विचारलंस का मला? विचारलं असतंस तर सांगितलं असतं."

हवालदारांनी फोन ठेवला. म्हणाले, "बरोबर आहे त्याचं. मी विचारलंच नाही." शिवी दिली असती तर मला बरं वाटलं असतं.

त्यानंतर खिशात पेचकस दिसला नाही. कूलर खडखडायला लागला, तर म्हणाले, "मिस्त्रीला बोलाव." पुढच्या थंडीत लष्कराच्या दवाखान्यात वारले. शेवटपर्यंत डॉक्टरला काही विचारलं नाही. सुभेदार मयतीला आले, खांदा दिला, रडलेसुद्धा. मी त्यांना चहा दिला. आलेल्या माणसाला चहा द्यावा लागतो.

तेराव्यानंतर संतोष माझ्याजवळ बसला आणि म्हणाला, "आई, मी त्याच दिवशी संध्याकाळी मोबाईलवर गाडीचं साल पाहिलं होतं. पापा हार घालत होते गाडीला. सांगवलं नाही." त्या दिवसाबद्दल तो पुन्हा बोलला नाही.

हे वाचणाऱ्याला माझं एवढंच मागणं आहे. तुम्ही कुणाला जुनी गाडी विकणार असाल, किंवा तुम्हाला काही ठाऊक असेल, तर समोरच्यानं विचारलं नाही तरी सांगा.