पोपटाची पंगत

आई नागपूरहून आमच्याकडे स्प्रिंगफील्ड लेक्सला आली, तेव्हा तिच्या ब्लाउजच्या बाह्या लोंबत होत्या. विमानतळावर मिठी मारताना माझ्या हाताला तिची हाडं लागली. मला आधी रडू आलं आणि मग राग आला. माझ्या बाबतीत हा क्रम ठरलेला आहे. बाबा गेल्यापासून ती एकटी राहत होती. फोनवर "जेवलीस का?" विचारलं की "मस्त जेवले" म्हणायची. शेजारच्या काकूंकडून खरं कळलं: सकाळी चहा-टोस्ट, दुपारी चहा-टोस्ट, रात्री मन झालं तर दूधभात. विचारलं तर म्हणाली, "एका जिवासाठी काय गॅस पेटवायचा?"

मी इथल्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रक्त तपासते. जगाचं हिमोग्लोबिन मोजणाऱ्या बाईची आई चहा-टोस्टवर जगते, हे मला सहन होणारं नव्हतं. व्हिसा संपेपर्यंत तिला चार घास नीट खायला लावायचे, असं मी ठरवलं. पण माझं सगळं सांगणं पालथ्या घड्यावर पाणी. ती सगळ्यांना वाढायची, "मी मागून जेवते" म्हणायची, आणि मागून म्हणजे ओट्याशी उभं राहून उरलेली अर्धी पोळी भाजीच्या कढईत पुसून खायची. आयुष्यभर तिने तेच केलं होतं. फरक इतकाच, की आधी बाबा "तू पण बस" म्हणून ओरडायचे.

आईचं वजन काही वाढलं नाही. वाढलं ते पोपटाचं.

हा पोपट माझ्या लेकीचा. इथे बाहेर झाडांवर लाल-निळे-पिवळे पोपट कलकलाट करत असतात, आणि आम्ही घरात आणला तो हिरवा, गळ्यात गुलाबी कंठ असलेला, थेट आपल्याकडचा. इथे त्याला इंडियन रिंगनेक म्हणतात. लेकीने त्याला भारदस्त इंग्रजी नाव दिलं होतं, पण आईसाठी तो पहिल्या दिवसापासून मिठू. तिचं आणि त्याचं लगेच जमलं. पिंजऱ्याजवळून जाताना ती दर वेळी एक शेंगदाणा आत सरकवायची. सूर्यफुलाच्या बियांची वाटी तर आम्हीच भरून ठेवत होतो. त्यामुळे मिठूचं दिवसभर चरणं चालायचं.

मग तो मंदावला. दांडीवर फुगून बसायला लागला, चोच वेडीवाकडी वाढली, विष्ठेचा रंग बदलला. पक्ष्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी रक्त तपासलं आणि रिपोर्ट माझ्यापुढे धरला. तो वाचायला मला कोणाची मदत लागणार नव्हती. यकृत सुजलं होतं. सतत बिया आणि दाणे म्हणजे रोज तिन्ही त्रिकाळ भजी, असं त्यांच्या बोलण्याचं तात्पर्य. त्यांनी पेलेट्सवर आणायला सांगितलं, म्हणजे धान्य, भाज्या, जीवनसत्त्वं एकत्र दळून केलेल्या छोट्या गोळ्या.

मी सरळ विचारलं, "पाकिटातलं खाणं त्याला सुरक्षित आहे का?" त्या म्हणाल्या, चांगल्या प्रतीचं, रंग आणि साखर न घातलेलं असेल तर आहे, पण नुसत्या पाकिटावर कोणालाही ठेवू नका, पालेभाजी, गाजर, मिरची रोज हवीच. आणि एकदम बदल करू नका. पोपटाला ते अन्न आहे हे ओळखूच आलं नाही, तर भरल्या वाटीसमोर बसून तो उपाशी मरेल.

घरी येऊन आईने दाण्यांची बरणी सर्वांत वरच्या फळीवर, स्वतःचाही हात पोचणार नाही अशी ठेवायला लावली. म्हणाली, "माझ्या हातानं झालं ना हे?" "नाही गं, आपण सगळ्यांनीच भरवलं," मी म्हटलं. तिचा विश्वास बसला नाही. माणसावर प्रेम करायची तिला एकच रीत येत होती, खायला घालायची, आणि त्या रीतीनेच घात केला होता. मला तिची फार दया आली.

थोड्या बिया, थोड्या पेलेट्स असं सुरू झालं. मिठू बिया वेचायचा आणि गोळ्यांकडे ढुंकूनही बघायचा नाही. लेक म्हणाली, "आजी, ही थिंक्स इट्स गार्डन मल्च." मिठूला म्हणे तो बागेत झाडांखाली पसरायचा भुसा वाटत होता. आई म्हणाली, "मग काय तर! औषधाच्या गोळ्यांवर कोणी जगते का?" स्वतः ती सकाळी बीपीच्या गोळीवर आणि चहावर जगत होती, हे मी बोलून दाखवलं नाही. मग वाटी रिकामी व्हायला लागली. आम्हाला कोण आनंद! पण डॉक्टरीणबाईंनी सांगितल्याप्रमाणे त्याला स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर उभं केलं, तर वजन भराभर उतरत होतं. पिंजऱ्याचा ट्रे ओढला. खाली सगळा भुगा. पठ्ठ्या गोळ्या फोडून फेकत होता.

त्या दिवशी मी दोघांवर चिडले. एक पोपट खात नाही, दुसरी आई खात नाही, मी काय करायचं?

दुसऱ्या दिवशी लॅबमधून आले तर सिंकवरच्या नळाला पांढऱ्या फडक्यात काहीतरी बांधून लटकवलेलं. मला वाटलं, श्रीखंडाचा चक्का. "मोड आणायला ठेवलंय," आई म्हणाली. तिने पेलेट्स रात्री हरभऱ्यासारख्या भिजत घालून सकाळी फडक्यात बांधल्या होत्या. "कोरडं काहून खाईल तो? मोड आले की खाईल." फडकं सोडलं तर आत आंबट वासाची लापशी. आईने ती बोटाने चाचपली, एकही अंकुर सापडला नाही, आणि अत्यंत गंभीरपणे म्हणाली, "तुमच्या इथलं बियाणंच खराब आहे." मी हसत हसत जमिनीवर बसले. कितीतरी दिवसांनी आम्ही दोघी अशा हसलो.

डॉक्टरीणबाईंना फोनवर हे सांगितलं तर त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, ओलं करून द्यायची कल्पना चांगली आहे, फक्त इथल्या उकाड्यात ताजं भिजवा आणि थोड्या वेळाने उरलेलं फेका. शिवाय त्याच्यासमोर बसून तुम्हीही खा. हे पक्षी थव्यात खाणारे, एकटे पडले की खात नाहीत. मी आईला ते मराठीत सांगितलं. "म्हणजे त्याला पंगत लागते," ती म्हणाली.

सकाळची बुद्धवंदना झाल्यावर आईने पिंजऱ्याशेजारी खुर्ची ओढली. मांडीवर स्वतःचं ताट, त्यात गरम पोहे. मिठूच्या वाटीत भिजवलेल्या पेलेट्स, वरून किसलेलं गाजर आणि कोथिंबीर. कांदा-मीठ त्याला वर्ज्य, म्हणून दोघांची ताटं वेगळी, पण पंगत एकच.

"हा घास चिऊचा," आई म्हणाली आणि स्वतः खाल्ला. "हा घास काऊचा." पुन्हा स्वतःच खाल्ला. मिठू मान वाकडी करून बघत होता. मला भरवताना हेच म्हणायची ती. आता समोर खरा पक्षी बसला होता आणि चिऊ-काऊचे घास आजीबाईच खात होत्या. मग तिने त्याच्या वाटीतला चिमूटभर गोळा उचलला आणि सरळ तोंडात टाकला. "मीठ नाही," म्हणाली, पण गिळला. मिठू दांडीवरून सरकत सरकत आला, वाटीत चोच घातली, झटकली, लेकीच्या शाळेच्या ड्रेसवर गाजर उडवलं, आणि पुन्हा चोच घातली. या खेपेला त्याने गिळलं.

आई उठली की तो थांबायचा. ती बसली की खायचा. त्यामुळे तिला उठता येईना. तिचे पोहे संपले, दुसऱ्यांदा वाढून घ्यावे लागले. आईला बसून, गरम गरम, भरल्या ताटाने जेवताना मी लहानपणापासून क्वचितच पाहिलं होतं. मी ओट्याशी उभी राहून चहा पीत होते आणि माझे डोळे भरून आले. असं रोज चाललं. हळूहळू बिया संपल्या, मिठूचं वजन सावरलं, आणि आईच्या ब्लाउजच्या बाह्या अंगाबरोबर बसल्या.

व्हिसा संपला, ती परत गेली. मिठूने लगेच संप केला. मी बसून पाहिलं, लेक बसली. मिठूसाहेबांनी नाक मुरडलं. काटा पुन्हा खाली जायला लागला. घाबरून मी एका आरवोला, म्हणजे इथल्या बोलीत दुपार कलल्यावर, व्हिडिओ कॉल लावला आणि फोन पिंजऱ्याला टेकवून ठेवला. नागपुरात तेव्हा दुपारच्या जेवणाची वेळ. आईच्या हातात टोस्ट होता. मिठू पडद्याजवळ आला, पाहिलं, आणि तोंड फिरवून बसला.

"काहून नाही खाऊन राहिला रे बाप्पा?" आई कळवळली. मग स्वतःच्या टोस्टकडे बघून म्हणाली, "थांब. ताट नाही ना माझ्यासमोर." फोन तसाच ठेवून ती आत गेली. आम्हाला फक्त भिंत दिसत होती आणि कुकरची शिट्टी ऐकू येत होती. ती वरण-भात, वांग्याची भाजी घेऊन आली. स्टीलच्या ताटाचा आवाज होताच मिठू वाटीपाशी गेला.

तेव्हापासून रोज आमच्या आरवोला ही पंगत बसते. शेजारच्या काकू सांगतात, आई आता सकाळपासूनच भाजीच्या तयारीला लागते. मध्ये एकदा तिला ताप होता. मी म्हटलं, आज राहू दे. तर म्हणाली, "मी नाही बसले तर ते लेकरू उपाशी राहील."

खरं म्हणजे मिठूचा संप केव्हाच मिटलाय. तो सकाळीच एकटा वाटी चाटूनपुसून साफ करतो, डॉक्टरीणबाई खूश आहेत. दुपारी फोन लावायच्या आधी लेक त्याच्यापुढे मिरचीचा तुकडा ठेवते, म्हणजे पडद्यावर तो खाताना दिसतो. आईला आम्ही ताकास तूर लागू दिलेली नाही.

काल तिने कढी केली होती. घास हातात धरून तिने विचारलं, "सकाळपासून काही खाल्लं का गं त्यानं?"

"नाही," मी म्हटलं. "तुझीच वाट बघतोय. जेव."