विमानाच्या तोंडात गूळ

मी तरुण होते तेव्हा फार शहाणी होते. तरुण म्हणजे छप्पन्न वर्षांची. आज बासष्टाव्या वर्षी त्या बाईची आठवण झाली की तिचा कान धरून तिला ओट्यावर बसवावं आणि दोन गोष्टी सांगाव्यात असं वाटतं. तिनं ऐकलं नसतं म्हणा.

आमच्या घरी विमान आहे असं सांगितलं की लोक आधी माझ्या तोंडाकडे बघतात, मग माझ्या चपलांकडे. भालकीत आमचं पंपांचं आणि उसाच्या चरकांचं दुकान, दुरुस्तीचं वर्कशॉप बिदरजवळ कोळारला. इंजिन दिसलं की माझ्या नवऱ्याचं भान हरपतं. चाळिशीत तो हैदराबादला जाऊन विमान चालवायला शिकला. मी सोबत जायचे. तो वर आणि मी खाली बसून त्याचा डबा राखायचे. किती दिवस राखणार? मीही शिकले.

पुढे एक फ्लाइंग स्कूल बंद पडलं आणि त्यांचं सहा जणांचं, दोन इंजिनांचं जुनं विमान आमच्या गळ्यात पडलं. जुनं म्हणजे माझ्या लग्नाच्या वेळचं. ते ठेवलं कलबुर्गीच्या विमानतळावरच्या एका शेडमध्ये. उडायचं म्हटलं की आधी भालकीहून हुमनाबाद, कमलापूर करत अडीच तास गाडीनं जायचं. मग विमानाला लागणाऱ्या निळसर पेट्रोलची पिंपं आली का ते बघायचं. ती नसायचीच. असली तर पाऊण तास आकाशात फिरायचं आणि कमलापूरला लाल केळी घेऊन परत अडीच तास गाडीनं यायचं. माझ्या सासूबाई, म्हणजे आमच्या आत्याबाई, म्हणायच्या, "इतक्या येळात चालत गेला असतात तर येखादा देव तरी भेटला असता."

दोन इंजिनांच्या विमानाला वेगळी परीक्षा लागते. ती नवऱ्यानं दिली होती, मी दिली नव्हती. मी शेजारी बसून नकाशा धरायचे आणि त्याच्या चुका काढायचे. या कामाला परीक्षा लागत नाही.

मग त्याच्या छातीत दुखलं. दोन स्टेंट बसले, तब्येत सुधारली, पण उडण्यासाठी लागणारा डॉक्टरी दाखला मिळाला नाही. पुण्याकडचा एक माणूस विमान मागत होता. नवरा त्याला फोनवर म्हणाला, "दसऱ्यानंतर सांगतो." पण त्यानंतरच्या रविवारी कलबुर्गीला जाऊन त्यानं विमानाची काच पुसली. ती स्वच्छच होती. पुसून झाल्यावर पुन्हा पुसली.

गाडीत मी म्हणाले, "मी परीक्षा देते. मी चालवीन, तुमी शेजारी बसा."

"आन् तू नापास झालीस तर?"

"तर विका."

असं तोऱ्यात बोलले खरी, पण त्या विमानाची मला भीती वाटायची. दोन्ही इंजिनं चालू असली की ते गरीब गाय असतं. एक बंद पडलं की भलतंच जनावर होतं. नाक एका अंगाला ओढतं, आणि तेवढ्या घाईत कुठलं इंजिन मेलं ते ओळखून त्याच्या पंख्याची पाती वाऱ्याला आडवी न ठेवता सरळ करायची. चुकून चालू इंजिन बंद केलं तर पुढचं सांगायला कुणी उरत नाही. शिकवणाऱ्यानं तीन आठवडे कागदावर बाण काढून समजावलं. मी मान डोलवायचे आणि वर गेल्यावर चुकीचा पाय दाबायचे.

उजेड पडला तो राजेश्वरला, माझ्या माहेरी. भावाच्या शेतातून बैलगाडी येत होती आणि डावा बैल मध्येच अडून बसला. उजवा ओढतच होता. गाडी डावीकडे वळली आणि बांधाला लागली. मी तिथंच ओरडले, "अगं बाई, डावं इंजिन!" भावजयीनं माझ्या कपाळाला हात लावून बघितला. लहानपणी अशा गाडीत बसून मी शंभर वेळा बांधाला लागले होते. जो बैल बसला, त्याच्या अंगाला गाडी वळणार. उरलेल्या बैलाच्या बाजूचा पाय रोवायचा. जो पाय रिकामा राहिला, त्या बाजूचं इंजिन गेलं. संपलं. त्या दिवसानंतर मी चुकले नाही, आणि त्या दिवसानंतरच माझ्या डोक्यात वारं शिरलं.

परीक्षा ठरली दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी. त्याच्या दोन दिवस आधी खंडेनवमी. आमच्या घरची रीत अशी की त्या दिवशी हळदकुंकू, फुलं झाली की प्रत्येक यंत्राचं तोंड गोड करायचं. चरकाच्या ऊस पिळणाऱ्या लाटांना गूळ, पंपाच्या नळाला गूळ, दुकानातल्या तराजूच्या पारड्यालासुद्धा. हे काम आत्याबाईंचं. त्या वर्षी त्या म्हणाल्या, "इमानाला कामून न्हाई? ते काय सावत्र हाय?"

निघालो. गेटवरच्या शिपायानं दृष्ट काढून फोडायला नेलेला आमचा कोहळा अडवला. हे आत फोडायचं नाही, धावपट्टीवर काही पडलं तर पंख्यात जातं, म्हणाला. आत्याबाईंनी तो त्यालाच सांबार करायला देऊन टाकला. गूळ मात्र कनवटीला होता, तो कुणाला दिसला नाही.

शेडमध्ये नवऱ्यानं दोन्ही पंख्यांना झेंडूचे हार घातले. आत्याबाई विमानाभोवती एक फेरी मारून आल्या.

"तोंड कुठं हाय गं ह्याचं?"

आता साधं उत्तर होतं, याला तोंड नसतं. पण मी तर पंडित. डाव्या पंखाखाली बोटाएवढी नळी असते, पुढं भोक असलेली. तिच्यात वारा शिरतो आणि त्यावरून आतला काटा वेग दाखवतो. पिटो म्हणतात तिला. तिची टोपी काढून मी म्हणाले, "हे बघा आत्याबाई, हितनं इमान वारं चाखतंय. ही नळी बंद झाली तर त्याला आपला वेग कळत न्हाई."

"व्हय?" त्या म्हणाल्या.

एवढं व्याख्यान देऊन मी वळले आणि पंख्याशेजारी उभी राहून स्वतःचे फोटो काढायला लागले. चौदा काढले. एकातही तोंड मिटलेलं नाही. मागे आत्याबाईंनी काय केलं ते बघितलं नाही. येताना टोपी मात्र आठवणीनं घातली.

परीक्षेच्या सकाळी हैदराबादहून परीक्षक आले. सैन्यातून निवृत्त, काडीसारखे, पांढऱ्या मिशा. मी विमानाला फेरी मारून तपासणी केली. तेल बघितलं, चाकं बघितली. पिटोची टोपी ओढून काढली, पण भोकात डोकावायला गुडघे टेकावे लागतात. नवी कडक इस्त्रीची पँट होती. परवाच तर बघितलंय की, म्हणाले मनाशी. नवरा कुंपणापाशी उभा होता. हात मागे बांधलेले.

धावपट्टीवर दोन्ही इंजिनं पूर्ण सोडली. विमान सुटलं. वेगाचा काटा हलायला हवा होता, तो शून्यावर मुक्काम ठोकून बसलेला. माझ्या हातांनी माझ्या आधी विचार केला. दोन्ही दांडे मागे ओढले, ब्रेक दाबला, थांबलो. धावपट्टी लांबलचक, पुढं कितीतरी उरलेली.

"क्या हुआ?" परीक्षकांनी विचारलं.

"काटा मेला, सर."

परत शेडपाशी आलो. परीक्षक म्हणाले, "वजह?"

इथं त्या छप्पन्न वर्षांच्या शहाणीनं जे केलं ते लिहायला मला अजून लाज वाटते आणि हसूही येतं. मला एका क्षणात कळलं होतं काय झालंय. आत्याबाईंचा तो "व्हय?" कानात वाजत होता. पण कुंपणापाशी नवरा होता, आणि मी नापास झाले की विमान पुण्याच्या माणसाचं. मी म्हणाले, "कुंभारीण माशी असंल सर. नळीत मातीचं घर करते. लई त्रास हाय हिकडं."

तिथला मेकॅनिक, कलबुर्गीचाच, गुडघ्यावर बसून नळीत बॅटरी मारत होता. त्यानं तारेनं आतलं काढलं, बोटावर घेतलं, वास घेतला. मग खाली बघितलं. विमानाच्या चाकावरून पंखाखाली मुंग्यांची शिस्तीत रांग लागली होती.

"अक्का," तो म्हणाला, "इदु बेल्ल."

बेल्ल म्हणजे गूळ. तेलुगूतही बेल्लमच म्हणतात, हैदराबादच्या माणसाला ते कळलंच. परीक्षकांनी मिशीवरून हात फिरवला.

"क्या अम्मा, आपके यहाँ कुंभारनी गुड़ से घर बांधती क्या?"

सासूबाईंनी केलं, असं म्हणता आलं असतं. ते खरंही होतं. पण ती नळी दाखवली कुणी, आणि डोकावायला वाकली नाही कोण? मी सगळं सांगितलं. खंडेनवमी, चरक, तराजू, पँटची इस्त्रीसुद्धा. सांगता सांगता वाटलं, गेलं विमान.

त्यांनी परीक्षेचा कागद बाहेर काढला. मग म्हणाले, "रोका, वो सही. देखा नहीं, वो गलत. और झूट तो बिलकुल नक्को. ऊपर मेरे को आपकी बात पे भरोसा करना पड़ता." कागद घडी करून खिशात ठेवला. "नली साफ करवाओ. तीन बजे पहले से शुरू. पूरा."

मी कुंपणापाशी गेले. नवऱ्यानं विचारलं, "काय झालं?"

"तुमच्या आईनं इमानाला गूळ चारला."

तो आधी घाबरला, मग इतका हसला की मला त्याच्या स्टेंटची काळजी लागली.

तीनला मी प्रत्येक गोष्ट मोठ्यानं बोलत तपासली. पिटोपाशी दोन्ही गुडघे टेकले, पँटला काळं तेल लागलं, भोकात डोळा घातला. पलीकडे तुरीचं हिरवं रान दिसावं इतकं स्वच्छ वाटलं, अर्थात नळीतून पलीकडचं दिसत नाही. वर गेल्यावर परीक्षकांनी काही न सांगता एक दांडा मागे ओढला. नाक उजवीकडे गेलं. उजवा बैल बसला. मी डावा पाय रोवला. उजवा पाय रिकामा, म्हणजे उजवं इंजिन. मोठ्यानं बोलले, त्या इंजिनाच्या दांड्याला हात लावून दाखवला, खात्री केली आणि मगच पुढचं केलं. एकाच इंजिनावर उतरण्याची तयारी दाखवून नीट खाली उतरलो. त्यांनी खिशातला कागद काढला, उलगडला आणि सही केली.

परतीच्या वाटेवर कमलापूरला केळी घेताना नवऱ्यानं पुण्याला फोन लावला. "न्हाई वो," म्हणाला, "आमच्या घरचं मानूस हाय ते, इकत न्हाई." एवढंच.

घरी आत्याबाई दारातच उभ्या. "उडालीस?"

"उडाले."

"गूळ लागू पडला म्हन की."

मी त्यांना सगळं सांगितलं. कुंभारीण माशीसकट. त्या ऐकत राहिल्या आणि म्हणाल्या, "म्हंजे खोटं बोललेलं तोंड तुझंच. मी उगं इमानाचं हुडकत बसले."

तेव्हापासून खंडेनवमीला विमानाला हार घालतो, चाकाला कुंकू लावतो आणि आत्याबाई गूळ माझ्या तोंडात घालतात. त्या आता ब्याऐंशीच्या आहेत, पण खडा अजून मोठाच असतो. तो चघळत मी गुडघे टेकते आणि त्या नळीत डोकावते. उठताना नवऱ्याला हात द्यावा लागतो. तो देतो, आणि दर वर्षी विचारतो, "कुंभारीण हाय का गं आत?"