दुसऱ्याच्या नावावरची पॉवर बँक

नदीकाठच्या हान्कौ शहरातल्या मासळीबाजारात फांग हुईरू येताना दिसली की मासेवाले आपापले वजनकाटे पुसून ठेवत. ती घेतलेला मासा घरी नेऊन स्वतःच्या काट्यावर पुन्हा तोलायची, आणि वजन बरोबर भरलं तर तिला आनंद व्हायचा नाही. आज यांनी आपल्याला नेमकं कुठे फसवलं असेल, या विचारात तिची दुपार जायची. दुधाची पिशवी ती दुकानातच हुंगायची. नवा शेजारी हसून बोलला की घरी येऊन दाराची कडी तपासायची.

यात अर्धा दोष गिरणीचा. नदीपलीकडच्या कापडगिरणीत तिने उभी हयात कापड तपासण्यात घालवली. मागे दिवा लावलेली काच, तिच्यावरून सरकणारं पांढरं कापड, आणि त्यातली गाठ, तुटका धागा, तेलाचा डाग हेरणारे हुईरूचे डोळे. जे डोळे इतकी वर्षं फक्त खोट शोधतात, ते घरी येऊन एकदम भोळे कसे होतील?

उरलेला अर्धा दोष बापाचा. म्हातारा फांग त्याच गिरणीच्या फाटकावर पहारेकरी होता. कामाची पाळी सुटली की बायकांची रांग त्याच्या समोरून जायची, आणि कोणी सुताची गुंडी लपवून नेऊ नये म्हणून तो एकेकीची पिशवी, एकेकीचा डबा उघडून बघायचा. रांगेत स्वतःची मुलगी आली तरी तो "डबा" एवढंच म्हणायचा, झाकण काढायचा, आत हात फिरवायचा, झाकण लावायचा आणि म्हणायचा, "पुढे." बाकीच्या बायका म्हणायच्या, हा बाप आहे की फौजदार. हुईरू डबा उचलून पुढे सरकायची.

तीन वर्षांपूर्वी वस्तीतल्या पोलिसाने सगळ्या म्हाताऱ्यांना जमवून सांगितलं, की हल्लीचे ठग तुमच्या मुलांचा हुबेहूब आवाज काढतात, तेव्हा घरातल्या घरात एक खुणेचा प्रश्न ठरवून ठेवा. हुईरूला आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी शहाणा माणूस भेटल्यासारखं वाटलं. तेव्हा म्हाताऱ्याचं डोकं अजून जागेवर होतं. प्रश्न त्यानेच सुचवला: फाटकावर तुझ्या डब्यात मला काय सापडलं होतं? उत्तर जगात दोघांनाच ठाऊक होतं.

पुढे म्हातारा एकेक गोष्ट विसरत गेला. बायको वारल्याचं विसरला, गिरणी पाडल्याचं विसरला, मुलीचा चेहराही अधूनमधून विसरायला लागला. हुईरूने त्याच्या कोटावर छातीशी एक कापडी पट्टी शिवली आणि तिच्यावर दोऱ्याने आपला फोन नंबर भरला. नाव मुद्दाम घातलं नाही. नाव आणि नंबर दोन्ही अनोळखी माणसाच्या हातात द्यायला ती काय खुळी होती?

आणि भाड्याच्या पॉवर बँकेला तर तिने कधी हातसुद्धा लावला नव्हता. गावभर दुकानादुकानांत त्या खान्याखान्यांच्या पेट्या उभ्या. पेटीवरचा कोड फोनने टिपला की एक खाना उघडतो, बँक घ्यायची, काम झालं की कुठल्याही पेटीत परत खोचायची. इमारतीतल्या बायकांच्या गप्पांत या बँकांचे अनुभव रोज निघत. एकीला मिळालेली बँक स्वतःच उपाशी होती, तिने उलट फोनचीच उरलीसुरली चार्जिंग खाल्ली असं त्या बाईचं ठाम मत. एकीच्या बँकेची वायर अंगठ्याने दाबून धरली तरच चालायची. एकजण परत करायला गेली तर जिकडेतिकडे पेट्या भरलेल्या, भाडं मात्र चढतच होतं. आणि सगळ्यात भयंकर म्हणजे, कोणीतरी म्हणे त्या बँकेत एवढासा किडा बसवतं, फोन जोडला की तो आत शिरतो आणि नाव, गाव, फोटो, पासवर्ड सगळं पोखरून बाहेर नेतो. हा शेवटचा अनुभव कोणालाच स्वतःला आलेला नव्हता. हुईरूने तोच खरा मानला.

ऑक्टोबरातल्या एका उन्हाच्या दुपारी ती दुलया गोळा करायला खाली गेली आणि वर आली तेव्हा दार उघडं होतं. म्हातारा नव्हता. कोट नव्हता.

तिने जिने पालथे घातले, बाग पालथी घातली, बुद्धिबळवाल्या म्हाताऱ्यांना विचारलं. पोलीसचौकीतल्या माणसाने सगळं लिहून घेतलं आणि बजावलं, की ज्याला सापडतील तो कोटावरच्या नंबरावरच फोन करेल, तेव्हा फोन चालू ठेवा. फोन होता जुना. नवा घ्यायचा तर दुकानदार जुन्यातलं सगळं काढून घेईल, या भीतीने तिने तो बदलला नव्हता. विचारत विचारत ती होडीच्या धक्क्यावर पोचेपर्यंत बॅटरीचं चिन्ह लाल झालं होतं, आणि धक्क्याजवळच्या शाओताईच्या नूडल्सच्या दुकानात शिरता शिरता फोन काळा पडला.

शाओताईकडे भिंतीला प्लग होता, पण एवढ्या जुन्या फोनला बसेल अशी वायर नव्हती. तिने गल्ल्याजवळच्या पेटीकडे बोट केलं. म्हणाली, त्या बँकांना सगळ्या जातीच्या वायरी असतात, एक घे की. हुईरू पेटीसमोर उभी राहिली.  किडा तर किडा, म्हणून तिने फोन पुढे केला आणि तेव्हा तिच्या लक्षात आलं, की कोड टिपायला फोन चालू असावा लागतो.

"मेलेल्या फोनला जिवंत करायचं तर आधी तो जिवंत हवा," ती म्हणाली. "हे यंत्र कोणा चोरानेच काढलं असणार."  माझे वडील हरवलेत, ती दुकानभर ऐकू जाईल असं म्हणाली.

कोपऱ्यातल्या टेबलावर एक माणूस तिळाच्या चटणीतले नूडल्स खात होता. चाळिशीचा असेल. केस नारिंगी रंगवलेले, मनगटावर माशाचं गोंदण. तो जेवायच्या काड्या ठेवून उठला, आपला फोन पेटीसमोर धरला, आणि बाहेर आलेली बँक त्याने हुईरूच्या हातात ठेवली.

"घ्या मावशी. झालं की कुठल्याही पेटीत टाका."

"तुला काय हवंय?" हुईरूने विचारलं.

"मला? माझे नूडल्स गार होतायत, ते खायचेत."

"ही तुझ्या नावावर आहे. मी परत केली नाही तर?"

"तर मी मूर्ख ठरेन," तो म्हणाला. "पहिल्यांदा थोडाच ठरतोय?"

त्याने तिचं नाव विचारलं नाही, पत्ता विचारला नाही, स्वतःचं नावही सांगितलं नाही. वाटीतले उरलेले नूडल्स चार घासांत संपवून तो निघूनही गेला. हुईरूच्या मनात पाल चुकचुकली. काहीच न मागणारा माणूस तिने आजवर पाहिला नव्हता. गिरणीत कापड इतकं स्वच्छ असलं की ती ते दुसऱ्यांदा काचेवरून घ्यायची.

पण वायर तिने जोडली. फोन उजळला, आणि उजळतो न उजळतो तोच वाजला. नंबर अनोळखी.

"हॅलो," पुरुषाचा आवाज, जरा वैतागलेला. "एक आजोबा तुमचे का? आमच्याकडे आहेत. ताबडतोब या. नाव काय तुमचं?"

हुईरू सावध झाली. दोन मिनिटं झाली नाहीत वायर लावून. दुकानात ती ओरडली काय, नारिंगी केसवाल्याने बँक दिली काय, किड्याने नंबर चोरला काय, आणि लगेच हा फोन. आता सगळं जुळलं. तो गेला कुठे एवढ्या घाईने? या साथीदाराला सांगायलाच.

"तुमची जात मी ओळखते," ती म्हणाली. "दुसऱ्याच्या बापावर धंदा करता? पोलिसांत देते." तिने फोन कापला, तो नंबर ब्लॉक करून टाकला आणि वायर उपटून काढली.

मग तिने पडद्याकडे पाहिलं. बॅटरीचं चिन्ह अजून लालच होतं. वायर लावावी तर फोन चोरांच्या ताब्यात जाणार. काढावी तर फोन पुन्हा मरणार, आणि नदीकाठी कुठेतरी तिच्या बापाच्या कोटावर एक नंबर असणार आणि तो लागणार नाही. त्या क्षणी हुईरूला स्वतःचा भयंकर राग आला. आयुष्यभर जे शहाणपण म्हणून जपलं ते आता बापाच्या आणि तिच्यामध्ये आडवं आलं होतं, आणि तरीही तिला ते सोडवत नव्हतं. दुकानाच्या पायरीवर बसून ती रडली. रडता रडताच तिने वायर पुन्हा खोचली आणि फोनला म्हणाली, "घ्या. काय न्यायचं ते न्या."

फोन परत वाजला. दुसराच नंबर, आवाज मात्र तोच.

"बाई, मी फाटकावरचा पहारेकरी आहे. मघाशी लावला तर तुमचा फोन बंद, आता लागला तर शिव्या देता. इथे नोकरी जायची वेळ आलीय माझी."

"त्यांना फोन द्या," हुईरू म्हणाली. आवाजाची नक्कलही करता येते हे तिच्या ध्यानात होतं.

खरखर झाली. मग, "कोण?"

"बाबा, मी हुईरू."

"हुईरू कामावर आहे. तिची पाळी सुटलेली नाही. तू कोण?" आणि मग तिचं नाव, घर, साल सगळं विसरलेला तो म्हातारा घडाघडा म्हणाला, "फाटकावर तुझ्या डब्यात मला काय सापडलं होतं? सांग."

कोणी ठग असता तर त्याने सुताची गुंडी म्हटलं असतं, कापडाचा तुकडा म्हटलं असतं. पण डब्यात कधीच काही सापडलं नव्हतं. ती एकोणीस वर्षांची होती, आई नुकतीच गेली होती, आणि घरी परतल्यावर चूल पेटवायचंही त्राण तिच्यात नसायचं. झडती घेताना तो हात आत फिरवायचा तेव्हा त्या हातात कागदात गुंडाळलेला काहीतरी खाऊ असायचा, आणि झाकण लागेपर्यंत तो डब्यात राहिलेला असायचा. अख्ख्या रांगेसमोर, कोणाला काही कळू न देता.

"सापडलं काही नाही, बाबा," हुईरू म्हणाली. "तुम्हीच आत घातलं होतं. भोकाचा वडा."



"खोटं," म्हातारा म्हणाला. "माझ्या फाटकावर असलं काही चालत नाही." आणि त्याने फोन ठेवून दिला.

तो प्रश्न दुसऱ्या कोणाला ठाऊकच नव्हता; हुईरूची खात्री पटली. तिने पहारेकऱ्याला फिरून फोन लावून पत्ता विचारला, आणि पत्ता ऐकून तिला स्वतःच्या डोक्याची कीव आली. म्हातारा दुसरीकडे कुठे जाणार होता?

ती होडीने पलीकडच्या काठावर गेली. गिरणी होती त्या जागी आता उंच उंच इमारती आहेत. त्यांच्या फाटकाशी, पहारेकऱ्याच्या खुर्चीत, म्हातारा फांग ताठ बसला होता. येणाऱ्याजाणाऱ्यांच्या पिशव्या उघडून बघत होता. बऱ्याच जणांनी हसून दाखवल्या होत्या, पण एका बाईचा कोबी त्याने पानं उलगडून तपासला आणि ती तक्रार करून गेली होती. पहारेकऱ्याने म्हाताऱ्याला गरम पाणी आणि आपला वाफवलेला पाव दिला होता. मनात साठलेलं सगळं त्याने हुईरूला ऐकवलं, आणि तिने खाली मान घालून ऐकून घेतलं.

मग ती बापासमोर उभी राहिली. त्याने तिच्याकडे पाहिलं, पण ओळख दिसली नाही.

"पिशवी," तो म्हणाला.

तिने दिली. छत्री, पाण्याची बाटली, रुमाल. मग ती बँक बाहेर आली. त्याने ती उलटीसुलटी केली.

"हे तुझं?"

"नाही."

"कोणाचं?"

"एका माणसाचं. त्याच्या नावावर आहे."

"नाव काय त्याचं?"

"विचारलं नाही."

"आणि तुझं नाव त्याला माहीत आहे?"

"नाही, बाबा."

म्हातारा बँक हातात धरून तिच्याकडे बघत राहिला. हुईरूला वाटलं, आता हा आपल्याला अडवणार. त्या माणसाला काय हवं होतं, याचा तिलाही पत्ता लागलेला नव्हता. शेवटी त्याने बँक पिशवीत ठेवली, आत हात फिरवला, चेन ओढली.

"आजच्या आज परत कर," तो म्हणाला. "पुढे."

पहारेकऱ्याने सलाम ठोकून सांगितलं, आजोबा, तुमची पाळी संपली, आता मी बसतो. तेव्हाच म्हातारा उठला आणि परक्या बाईबरोबर चालावं तसा हुईरूबरोबर होडीपर्यंत आला.

शाओताईची पेटी काठोकाठ भरलेली होती. एकही खाना मोकळा नव्हता. शाओताई म्हणाली, ठेव माझ्याकडे, रिकामा झाला की मी टाकते. हुईरू नको म्हणाली. या वेळी संशय शाओताईचा नव्हता. वस्तू दुसऱ्याच्या नावावर होती. तिने बापाला खुर्ची दिली आणि स्वतः पेटीशेजारी उभी राहिली, कोणी एखादी बँक घेऊन जाईपर्यंत. वाट बघण्यात होडी येऊन गेली, आणखी एक आली. अखेर एका मुलीने बँक काढली, आणि हुईरूने घाईघाईने आपली पिशवी उघडली.

बँकेच्या शेजारी एक गुंडाळलेला कागद होता. आत अर्धा वाफवलेला पाव.

तिने आधी बँक खान्यात खोचली. दिवा हिरवा झाला आणि पेटी आपल्या गोड आवाजात धन्यवाद म्हणाली. मग ती वळली. म्हातारा नदीकडे बघत बसला होता, चेहरा फाटकावर असायचा तसाच, कोणाची भीडमुर्वत न ठेवणारा. हुईरूने पाव हुंगला नाही, उलटून पाहिला नाही. तिथेच उभ्याने खाल्ला.