शालिनीच्या आवाजाला जागा

माझ्यावर कुणी विश्वास ठेवला नाही, ही तक्रार मी आजही मागे घेतलेली नाही. डिस्कचा आवाज बदललाय असं मी त्या सकाळी सांगत होते आणि सगळे मलाच गप्प करत होते. आता मात्र गुरुवारचं भजन संपलं आणि कॉफी यायला उशीर झाला की कुणीतरी म्हणतंच, "नलूअक्का, तो डिस्कचा किस्सा सांगा." तो एक किस्सा नाहीच. लोणच्याच्या बरणीत हात घातला की एक फोड कधी येते का? चार चिकटून येतात. सांगते, पण मधे बोलायचं नाही.

शालिनी माझी शेजारीण. हेब्बाळकडे आमची घरं भिंतीला भिंत लागून. भजनात पहिला आवाज तिचा. तिचे यजमान वसंतअण्णा सरकारी कारखान्यात इंजिनिअर. त्यांच्या वरच्या खोलीत पुण्याचा मंदार भाड्याने राहायचा, सॉफ्टवेअरवाला. त्याच्याकडे कंपनीने दिलेला लॅपटॉप होता.

शालिनीच्या घशात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन केलं तर बाई जगतील, पण आवाज राहणार नाही. आवाजाची पेटीच काढायची होती. तिकडे अमेरिकेत लेक पोटुशी. शालिनीला एवढंच हवं होतं की नातवंडाला आजीचा पाळणा ऐकू यावा. म्हणजे ऑपरेशनच्या आधी आवाज कुठेतरी भरून ठेवायचा. कुठे, एवढाच प्रश्न.

* * *

अण्णांकडे टेपरेकॉर्डर होता. मग लॅपटॉप कशाला, असं मी विचारलं. शालिनी उठली आणि लेकीच्या लग्नाची कॅसेट घेऊन आली. त्या टेपने ती खाल्ली होती. मंगलाष्टकं छान चाललेली, 'शुभमंगल साव' पर्यंत येतं आणि पुढे नुसतं गर्र गर्र.

"माझ्या लेकीचं लग्न यात अजून लागलेलं नाही," शालिनी म्हणाली. "या राक्षसाच्या तोंडाशी माझा पाळणा देऊ?"

* * *

मंदारने लॅपटॉप उघडला आणि म्हणाला, "यात जागा नाही." आतली डिस्क कंपनीच्या कामाने भरलेली. कोपऱ्यात थोडी उरली होती, त्यात एखादं छोटं गाणं कसंबसं मावलं असतं.

मी म्हटलं, "तिचा आवाज एवढा बारीक, त्याला जागा किती लागणार?"

"बारीक असो की जाड, अक्का, जागा तेवढीच. आवाज चांगला हवा तर भरपूर जागा लागते. नाहीतर दाबून छोटा करता येतो."

अण्णा इतका वेळ पेपर वाचत होते. त्यांनी चष्मा काढला. "माझ्या बायकोचा आवाज दाबायचा नाही. इतकी वर्षं मला जमलं नाही, ते तुझा लॅपटॉप काय करणार?"

ठरलं. बाहेरून जोडायची वेगळी डिस्क आणायची.

* * *

आता माझं सांगते. मी चौथी शिकलेली, घाबरट नाही. उंदीर शेपटीला धरून बाहेर टाकते. पण ह्या प्रकरणात माझी झोप उडाली होती. आवाज म्हणजे काही तांदूळ नव्हेत, सांडले तर वेचता येतील. फोन वाजला की मला वाटायचं, पुसलं. मिक्सर लावला की वाटायचं, गेलं.

एकदा मंदार लॅपटॉपमध्येच माइक लावून बघत होता आणि करंट गेला. मी अंगणात होते. तिथूनच ओरडले, "गेली हो, शालिनी गेली!"

समोरच्या मंजुळम्मा गंगाजळ आणि तुळशीपत्र घेऊन धावत आल्या. दार शालिनीनेच उघडलं. मंजुळम्मांचा हात बघून म्हणाली, "आता आणलंच आहे तर द्या. घसा सुकलाय."

त्या दिवसापासून माझ्या ओरडण्याला कुणी किंमत देईना.

* * *

डिस्क घ्यायला शिवाजीनगरला गेलो, पुण्याच्या नव्हे, इथल्या. शालिनी हट्टाने आली. "माझा आवाज ज्यात राहणार ते घर मी बघून घेणार," म्हणाली.

दुकानदाराने दोन समोर ठेवल्या. एक लहान, नवी, अगदी शांत. दुसरी मोठी, कुठल्याशा ऑफिसातून निघालेली. भरपूर जागा, पण जोरात फिरणारी, म्हणून घुमणारी. मी लहान उचलली, कानाशी धरली आणि हलवून बघितली. खराब असेल तर कळायला नको?

दुकानदार काउंटरवरून अर्धा बाहेर आला. "अक्का, नारियल नहीं है, हिलाओ नक्को!"

त्याने ती माझ्या हातातून काढली, दोन्ही हातांत धरून आत नेऊन ठेवली आणि माझ्यापासून लांब उभा राहिला. तशाच अजून होत्या की त्याच्या कपाटात. शालिनी म्हणाली, "लहानच घ्या. मी एकटीच राहणार, एवढा मोठा वाडा काय करायचा?" पण अण्णांचं आधीच ठरलं होतं. "सगळी गाणी मावली पाहिजेत. पाळणे, गौरीची, भूपाळ्या, सगळी. एकही राहायला नको." बोलता बोलता त्यांनी पाकीटही काढलं. मोठीच घेतली.

बिलावर लिहायला दुकानदाराने शालिनीला विचारलं, "साब का नाम?" शालिनीने माझ्याकडे बघितलं. मग नाव मी सांगितलं.

* * *

हे नावाचं सांगायला हवं. शालिनीने नवऱ्याचं नाव आयुष्यात घेतलं नव्हतं. आमच्या वेळी कुणीच घेत नसे, पण हळदीकुंकवाला उखाण्यात तरी घेतो. ही उखाणा सुरेख म्हणायची, आणि नावाची जागा आली की हातातला टाळ वाजवायची. खण्ण. झाला उखाणा.

अण्णा दरवर्षी पडद्याआडून कान लावून बसायचे आणि दरवर्षी खण्ण ऐकून आत जायचे.

रेकॉर्डिंग सुरू झालं तेव्हा ते हळूच म्हणाले, "पाळणा झाला की एक उखाणा पण घे. या वेळी नावासकट."

"मंदार, जागा उरेल का रे?" तिने विचारलं.

"भरपूर, काकू."

"बघ हं, नाव मोठं आहे," म्हणाली, आणि पाळणा सुरू केला. आवाज घोगरा झाला होता, पण सूर जागच्या जागी. आम्ही एकमेकांकडे बघत नव्हतो.

* * *

ऐकून बघितलं तर पाळण्याच्या मागे डास. एकसारखा, गूंऽऽऽ. डिस्कचं घुमणं माइकमध्ये शिरत होतं. वायर आखूड, लांब ठेवता येईना. बंद करता येईना, कारण आवाज त्यातच भरायचा. मंदार म्हणाला, "लहान असती तर हे झालं नसतं."

"नलूबाईंनी हलवली म्हणून मोठी घ्यावी लागली," अण्णा म्हणाले. माझ्या तोंडावर!

मग अण्णांनीच तोड काढली. शालिनीने नातवंडासाठी जुन्या साड्यांचं दुपटं शिवलं होतं, चांगलं जाड. त्यात त्यांनी डिस्क बाळासारखी गुंडाळली, कान तेवढे झाकायचे राहिले. डास गेला. जुनं सगळं पुसून पाळणा, गौरीची गाणी, भूपाळ्या पुन्हा पहिल्यापासून भरायला घेतलं. रोज दुपटं, रोज गाणी. अण्णांच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदा रंग बघितला.

* * *

मग ती सकाळ. दुपारी शालिनीला हॉस्पिटलात भरती व्हायचं होतं. बॅग दाराशी भरून ठेवलेली. उरलेली गाणी आणि तो उखाणा, एवढंच राहिलं होतं.

मला दुपट्यातून आवाज आला. घुमण्याचा नव्हे. नखाने भांडं टोकरावं तसा. मी म्हटलं, "हिचं काहीतरी बिघडतंय."

"तुमच्या कानात कुकरची शिट्टी बसलीये," अण्णा म्हणाले.

थोड्या वेळाने मी पुन्हा म्हटलं. मंदारनेही हात जोडले, "अक्का, स्वल्प गप्प बसा ना, माइक चालू आहे."

मग टक. टक. टक. आणि काही नाही. मंदारने दुपटं सोडलं, डिस्कला हात लावला आणि हात झटकला. तव्यासारखी तापली होती. लॅपटॉपला ती दिसेचना. त्याने वायर काढली, घातली, पुन्हा काढली. पाळणा त्यात. सगळंच त्यात.

आणि मग आम्ही भांडलो. जिच्यासाठी हे चाललं होतं तिच्यासमोर, तिच्या आवाजाच्या शेवटच्या सकाळी, सगळे एकदम ओरडत होतो. अण्णा माझ्यावर, मी अण्णांवर, मंदार मधे. शालिनीही काही बोलत होती, कोण ऐकतंय? मग तिला ठसका लागला. ठसका थांबला तेव्हा तिने पाळण्याची पहिली ओळ म्हणून बघितली. तोंड हललं, नुसती हवा आली. पुन्हा बघितलं. पुन्हा हवा.

बाहेर टॅक्सीचा हॉर्न वाजला. तिने दुपट्याची नीट घडी घातली, ट्रंकेत ठेवली आणि पुढे चालू लागली.

* * *

ऑपरेशन पार पडलं. शालिनी घरी आली, पाटी-पेन्सिल घेऊन. मंदारने डिस्क दुकानोदुकानी फिरवली, कुणालाच उघडता आली नाही. अण्णा आमच्या घरी येईनासे झाले. समोरासमोर आलो की दोघंही रस्त्याकडे बघायचो.

एका रविवारी मंदार लॅपटॉप घेऊन खाली आला आणि मला भिंतीवरून हाक मारली. डिस्क दिसेना तेव्हा त्याने लॅपटॉपच्या त्या उरलेल्या कोपऱ्यात रेकॉर्डिंग चालू करून बघितलं होतं, माइक तरी जिवंत आहे का म्हणून. भांडणात बंद करायचं राहून गेलं. कोपरा भरला तेव्हा ते आपलं आपण थांबलं.

"पाळणा नाहीये, काकू," तो आधीच म्हणाला. "नुसतं भांडण आहे."

शालिनीने पाटीवर लिहिलं, 'लाव.'

आधी माझाच कालवा. मग अण्णा, "नलूबाईंनी ती लहान हलवली नसती तर ही मोठी घ्यावीच लागली नसती." मग मंदारचं "काका, प्लीज." आणि मग सगळ्यांच्या वरून ती, माइक तिच्याच पुढ्यात होता ना. घोगरी, स्वच्छ, संतापलेली. दाबलेली नाही, मागे डास नाही. शब्द न् शब्द कळत होता.

अण्णा खुर्चीच्या कडेला सरकले. शालिनी ऐकता ऐकता एकदम ताठ झाली, पुढे काय येणार ते तिला आठवलं असावं. तिचा हात टाळाकडे गेला. टाळ तिकडे लांब देव्हाऱ्यापाशी होता.

"नलूवर ढकलू नका. त्या पोरावर तर मुळीच नको. मी लहान म्हणत होते, मोठी कुणाला हवी होती? माझ्या नातवंडाच्या दुपट्यात त्या मेलीला गुंडाळलं कुणी? सगळं तुम्ही केलंत. तुम्हीच, वसंतराव."