कानडीत लिहिलेला अर्ज

एक तप होऊन गेलं, पण ही गोष्ट माझ्या तोंडून कधी बाहेर पडलेली नाही. आईला माहीत नाही, नवऱ्याला माहीत नाही. दोनदा अगदी ओठांवर आली होती — पण समोरच्या माणसाच्या नजरेत काहीतरी दिसलं, किंवा दिसलं असं मला वाटलं, आणि मी विषय बदलला. तुम्ही मला ओळखत नाही म्हणून तुम्हाला सांगते आहे. हाही भित्रेपणाच, नाही का?

मी कर्नाटकातल्या बिदर जिल्ह्यातली, भालकी तालुक्यातल्या मेहकरची. आमचं घर शेतकऱ्याचं, गावाच्या मधोमध. करुणाचं घर विहाराजवळ. (नाव वेगळं आहे, पण इथं तिला करुणाच म्हणते.) तिचे वडील यशवंतअप्पा गवंडी, आमच्या घराची मागची भिंत त्यांनीच उभारलेली. आम्ही दोघी एकाच बसनं भालकीला कॉलेजात जायचो. इतिहास, अर्थशास्त्र आणि राज्यशास्त्र — विषयही तेच.

बाकी दोन विषय आम्ही पास होण्यापुरते वाचायचो. राज्यशास्त्राचं मात्र वेड लागलं होतं. ग्रामसभा बोलवायचा अधिकार कुणाला, राज्यपाल कुणाचं ऐकतो, दोन राज्यांच्या मधल्या गावानं कुठल्या भाषेत अर्ज करायचा — बसमध्ये आमचं हेच चालायचं. एका दोनशे पानी वहीत आम्ही सगळा बेत मांडला होता. बीएला राज्यशास्त्र मुख्य विषय. पहिल्या वर्षी संविधान आणि राजकीय विचार, दुसऱ्याला राज्यकारभार, तिसऱ्याला परराष्ट्र धोरण. कुठली पुस्तकं कुणी मिळवायची, कानडीतली मी वाचून तिला सांगायची, मराठीतली तिनं मला. माझी आई म्हणायची, "राजकारण शिकून काय करायलीस गं? विलेक्शनला उभी राहायलीस का?" आम्ही हसायचो. करुणा म्हणायची, "राहू की, मावशी."

बेतात एक अडचण होती. बेंगळुरूच्या एका कॉलेजात हा विषय नीट शिकवायचे, आणि तिथं आमच्या भागातल्या एका मुलीला वसतिगृहासकट जागा राखीव होती. एकीलाच. अप्पा लेकीला एवढ्या लांब पाठवणार नाहीत असं करुणाच म्हणाली होती. मग ठरलं, मी बेंगळुरूला जायचं, तिनं कलबुर्गीला, आणि टिपणं एकमेकींना पाठवायची. वहीत तसं लिहिलं. तिच्याच अक्षरात.

हे सगळं का सांगते आहे? कारण ज्या दिवशी मी तिला झेरॉक्सच्या दुकानातून बाहेर पडताना पाहिलं, त्या दिवशी या वहीतलं एकेक वाक्य मला खोटं वाटायला लागलं.

हातात कागद होते. मला बघताच तिनं ते ओढणीखाली घेतले.

"काय न्हाई गं. अप्पाच्या कामाचे कागद हायत."

गवंड्याला कसले कागद लागतात? ती बसच्या दिशेनं गेल्यावर मी दुकानात शिरले. दुकानदार म्हणाला, रहिवासी दाखल्याचा अर्ज आहे, बेंगळुरूच्या कॉलेजला जोडायचाय म्हणे.

त्यानंतरचे आठ दिवस मी तिच्याशी पूर्वीसारखीच बोलत होते. पण आतून तिला तपासत होते. ती खिडकीबाहेर का बघते? सरांनी तिला एकटीला का थांबवलं? माझ्या तयारीची चौकशी ती प्रेमानं करते, की अंदाज घेते? एकदा तिनं तिच्या डब्यातली धपाटी माझ्यापुढं केली, तर मनात आलं — ही मला गाफील ठेवायलीय.

आणि आणखी एक आलं. ते लिहायला आजही हात अडतो. मनात आलं, "ह्या लोकांना सगळं आयतं मिळतं." ह्या लोकांना. करुणाचे गुण माझ्यापेक्षा जास्त होते, आणि ती जागा गुणांवरच भरायची होती. हे मला माहीत होतं. तरी ते वाक्य आलं, जसं काही ते कधीपासून आत बसूनच होतं, फक्त मी हाक मारायची वाट बघत. आमच्या घरात यशवंतअप्पांचा चहाचा कप वेगळा ठेवलेला असायचा. मी तो लहानपणापासून बघत आले होते. कामून वेगळा, असं मी कधी विचारलं नव्हतं.

करुणाचा जन्म उदगीरचा. पहिलं बाळंतपण माहेरी, तशी तिची आई गेली होती. पुढं आईचं दुखणं निघालं म्हणून करुणा पाचवी ते नववी मामाकडंच शिकली. तिकडं तिला किती एकटं वाटायचं, कानडी कसं मागं पडलं, हे सगळं तिनं मला सांगितलं होतं. मलाच सांगितलं होतं. मेहकर उदगीरच्या एवढं जवळ, की आमच्याकडं अर्ध्या सुना तिकडच्याच. पण कागदावर मध्ये राज्याची हद्द आहे.

एके दिवशी मी आमची नेहमीची बस मुद्दाम चुकवली, पुढच्या बसनं निघाले आणि भालकीला उतरले नाही. तशीच बिदरला गेले. तिथं मला कुणी ओळखत नव्हतं. एका टायपिंगच्या दुकानात बसून मी तहसीलदारांच्या नावानं कानडीत अर्ज सांगितला. अमुक गावची अमुक मुलगी मूळची महाराष्ट्रातली आहे. जन्म तिकडचा, शाळा तिकडची. आपल्या भागातल्या मुलांचा हक्क ती घेत आहे, तरी दाखला देण्यापूर्वी चौकशी व्हावी. खाली सही नाही. फक्त "एक जागरूक नागरिक".

त्यात एक शब्द खोटा नव्हता, हे मी कितीतरी वर्षं स्वतःला ऐकवत आले. तिचे आजोबा, पणजोबा मेहकरच्याच मातीत गेले, तिचा बाप इथंच जन्मला — हे मी लिहिलं नव्हतं, एवढंच. एवढंच?

अर्ज पोस्टात टाकला आणि दुसऱ्या दिवशी बसमध्ये तिच्या शेजारी बसले.

आता तुम्हाला वाटेल, हाच तो गुन्हा. मलाही बरीच वर्षं तसंच मानायचं होतं. अठरा वर्षांची पोर, मत्सरानं आंधळी झाली, एक कागद लिहून बसली — अशी गोष्ट कुणीही माफ करील. पण खरं सांगायचंय ते पुढं आहे.

चौकशीची नोटीस आली. सोबत त्या अर्जाची प्रत जोडलेली. करुणा धावतच आमच्याकडं आली. दारातच म्हणाली, "तुला सांगणार व्हते गं. अप्पा ऐनवेळी हो म्हणाला. तू नाराज होशील म्हणून भ्याले व्हते." म्हणजे माझा संशय खरा होता. ती लपवतच होती. आणि तो खरा निघाल्यावर मला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं, तर तसं काही वाटलं नाही. तिनं माझा हात धरला. "चल. अप्पाला कानडी वाचाय येत न्हाई, मला अर्धंच कळायलंय."

गेले. नाही कसं म्हणणार?

यशवंतअप्पा ओसरीवर बसले होते. कामावरून तसेच आलेले, हातांवर सिमेंट वाळलेलं. कागद माझ्याकडं देत म्हणाले, "पोरी, तुला कानडी चांगलं येतंय. वाच बरं, काय लिव्हलंय."

मी माझाच अर्ज वाचला. एकेक ओळ कानडीत वाचायची, मग मराठीत सांगायची. मध्ये एका शब्दाला मी अडखळले — मुद्दाम. तो शब्द मला माहीत नाही असं दाखवायला. एवढं मला सुचलं, बघा.

वाचून झाल्यावर अप्पांनी हातावरचं वाळलेलं सिमेंट नखानं खरवडलं. मग म्हणाले, "कुणाचं काम असंल गं हे?"

ते मला विचारत होते. त्यांना माझी शंका आली नव्हती. एक शिकलेली पोर म्हणून ते माझा सल्ला मागत होते. पण मला वाटलं, आता यांना कळणार. करुणा माझ्याकडंच बघत होती. का बघत होती? मी बिदरला गेले त्या दिवशी कॉलेजात नव्हते, हे तिला आठवत असेल का? आणि मी म्हणाले —

"एवढं आतलं बाहेरच्याला कसं ठाऊक असंल, अप्पा? आन् गावात एवढं चांगलं कानडी लिव्हणारं हाय कोण?"

मी कुणाचं नाव घेतलं नाही. नुसते दोन प्रश्न विचारले. पण उत्तर काय येणार हे मला विचारायच्या आधीच माहीत होतं. करुणाचा चुलता, गौतमकाका, कानडी शाळेत शिपाई होता. त्या घरात कानडी लिहिता येणारा तो एकटा. आणि त्या उन्हाळ्यात विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून दोघा भावांची कुरबूर चालू होती.

करुणाच्या तोंडून नाव निघालं. मी खाली बघितलं.

अप्पा उठले आणि शेजारच्या दारात गेले. गौतमकाका जेवत होता. तो तसाच उष्ट्या हातानं बाहेर आला, आधी त्याला कळेचना काय चाललंय. मग कळलं. "माझ्या लेकरांची आन, दादा, मी न्हाई केलो. करुणा माझी बी लेकच हाय की." अप्पा म्हणाले, "लेकरांची आन घेऊ नगंस. लाज वाटू दे." गल्ली गोळा झाली होती. गौतमकाकानं एकेका तोंडाकडं पाहिलं — कुणीतरी त्याच्या बाजूनं बोलेल म्हणून. माझ्याकडंही पाहिलं. मी तिथं तीन हातांवर उभी होते, अर्जाचा कागद अजून माझ्याच हातात होता.

एक शब्द पुरला असता. तो शब्द मी उच्चारला नाही.

पुढचं लवकर सांगते. चौकशीत करुणा खरी ठरली, दाखलाही मिळाला — पण शेवटची तारीख उलटल्यावर. जागा मला मिळाली. मी बेंगळुरूला गेले, बीए केलं, एमए केलं, आता कलबुर्गीत राज्यशास्त्रच शिकवते. करुणाचं एक वर्ष गेलं, मग तिनं भालकीतच बीए केलं. आज ती गावच्या पंचायतीत निवडून आलेली आहे, आणि तालुक्याला कुठलाही साहेब असो, ती त्याला नियम पाठ म्हणून दाखवते. म्हणजे तिचं काही वाईट झालं नाही, असं तुम्ही म्हणाल. मीही म्हणून बघितलं आहे. पण वर्षभर ती धाकट्या भावंडांना सांभाळत घरात बसली होती, त्या वर्षात तिनं मला बेंगळुरूला सहा पत्रं लिहिली, आणि प्रत्येक पत्रात विचारलं होतं की पहिल्या वर्षाला काय काय शिकवलं. मी दोनच पत्रांना उत्तर दिलं.

गौतमकाकाची बदली नव्हती, तरी तो गाव सोडून गेला. आधी जहिराबाद, मग हैदराबाद. तिथंच चार वर्षांपूर्वी वारला. अप्पा त्याच्या मातीला गेले नाहीत. करुणा एकटी गेली. मला तिनं फोन केला होता, रडत होती. बोलता बोलता मध्येच म्हणाली, "तू त्या दिवशी कॉलेजला आली नव्हतीस ना गं?" कुठल्या दिवशी? मी विचारलं. ती म्हणाली, "काय न्हाई, असंच." तेव्हापासून तिचा फोन वाजला की आधी माझा हात थांबतो. तिला कळलं असेल का? कळलं असेल तर बोलत का नाही? की ती भलत्याच दिवसाबद्दल बोलत होती? ज्या नजरेनं मी तेव्हा तिच्याकडं बघायचे त्याच नजरेनं आजही बघते. ती नजर काही गेली नाही.

मागच्या महिन्यात मी मेहकरला गेले होते. करुणानं घरी बोलावलं, भजी तळली. अप्पा आता थकलेत, काम सोडलंय. ओसरीवर आम्ही तिघंच होतो. विहिरीचा विषय निघाला आणि अप्पा आपणहून भावाबद्दल बोलायला लागले. इतक्या वर्षांत मी त्यांच्या तोंडून ते नाव ऐकलं नव्हतं.

"मी काय दगड नव्हतो गं," ते म्हणाले. "एकदा, एकदा जरी म्हणाला असता, दादा, चुकलो — तर मी स्वतः जाऊन त्याला घेऊन आलो असतो. पर शेवटपावतर कबूल न्हाई केला."

कबूल करायला गौतमकाकाजवळ काही नव्हतंच. जे होतं ते माझ्याजवळ होतं, आणि मी अप्पांपासून हातभर अंतरावर बसले होते.

करुणानं ताटली पुढं केली. "घे की आणखी."

मी घेतली.