सुटे कांदे

मुंबईत आमच्याकडचा पांढरा कांदा म्हटला की लोकांना माळ आठवते. ती माळ कशी वळतात हे कुणी विचारलं, की मी उत्साहाने सांगायला लागते आणि मध्येच चिडते. घरच्यांना हे ठाऊक आहे, म्हणून ते विचारत नाहीत. आज कुणी न विचारताच सांगते.

कांदा उपटला की पातीसकट काही दिवस सुकत ठेवतात. पात ओली राहिली तर माळ कुजते, फार वाळली तर चुरते. मधले मोजके दिवस मिळतात, आणि त्यांतही सकाळचीच वेळ. दवाने पात नरम झालेली असते, तेवढ्यात वेणी घालावी तशी ती दोराभोवती गुंफत न्यायची. ऊन चढलं की काम बंद.

किहीमच्या मागच्या अंगाला आमचं गाव. भाताची कापणी झाली की त्याच शेतात आमचा कांदा असायचा. इतर घरांत बाया खुंटीला दोराचं टोक बांधून एकट्याच माळ वळत बसायच्या. आमच्या पडवीत मात्र टोक धरायला आबा. आई वळायची आणि आबा एका हाताने टोक धरून दुसऱ्या हाताने तिला कांदे निवडून द्यायचे, आधी मोठे, मग लहान. मुद्दाम एखादा लिंबाएवढा मध्येच सरकवायचे. "अवो, ह्यो मोठा हाय व्हय? डोळे कुठं ठेवलेत?" असं आई ओरडली की त्यांचं समाधान व्हायचं. एकदा शेजारणीने तिला विचारलं, नवऱ्याला कशाला अडकवून ठेवतेस, भिंतीला खुंटी आहे की. आई म्हणाली, "खुंटी बोलते का माझ्याशी?"

मी त्यांची एकुलती एक. देश स्वतंत्र झाला त्याच्या दुसऱ्या वर्षी माझं लग्न झालं आणि मी मुंबईला गेले. दीड खोली, सासू-सासरे, पुढे दोन मुलं. वर्षातून एकदा, शिमग्याला, माहेरी यायचं. मुंबईच्या धक्क्यावरून बोटीने रेवसला आणि तिथून एसटीने. निघताना आई दोन माळा द्यायची आणि बोटीत सगळे माझ्याकडे बघायचे. मला त्याची लाज वाटायची. शहरात राहून मी शहाणी झाले होते ना!

लग्नाला नऊ-दहा वर्षं झाली असतील, तेव्हा आई गेली. गणपती विसर्जन झालं आणि आठ दिवसांच्या तापाने गेली. आबा रडले नाहीत. दिवस झाल्यावर मला म्हणाले, "जा बाय, पोरांची शाळा बुडते." मीही गेले. आबा खंबीर आहेत असं मी सासरी सगळ्यांना सांगितलं, आणि सांगताना मला अभिमान वाटला.

त्या वर्षीच्या शिमग्याला गेले तर आबा पडवीत माळ वळत होते. ज्या माणसाने आयुष्यभर नुसतं टोक धरलं, तो ते खुंटीला बांधून वळायला शिकत होता. माळ कसली, मोठे-लहान कांदे कसेही घुसलेले, मध्ये मध्ये गाठी. मी पोट धरून हसले. आबाही हसले. निघायच्या सकाळी ते पुन्हा बसले होते. मला म्हणाले, "बाय, जरा टोक धर गं. खुंटीवर बरोबर न्हाय बसत."

मी म्हटलं, "आबा, बोट चुकंल माझी."

रेवसची बोट भरतीप्रमाणे सुटायची, वेळा बदलायच्या, त्यामुळे बोट चुकणे ही आम्हा सगळ्यांची हुकमी सबब. त्या दिवशी माझ्या हातात तासभर होता. मी तो एसटीची वाट बघत घालवला.

पुढच्या वर्षी मुलांना गोवर आला आणि मला जाता आलं नाही. आमच्या गावचा एक गिरणीकामगार कांदे घेऊन आला. गोणपाट सोडलं तर आत सुटे कांदे, पात कापलेली. मला काय वाटलं असेल? हायसं वाटलं. दीड खोलीत माळ टांगायची कुठे यावरून दर वर्षी सासूबाईंची कुरकुर असायची. मी त्याच दिवशी पोस्टकार्ड टाकलं. बोलताना मी आबांना अरे-तुरे करायची, पण पत्रात शाळेत शिकवलेलं सगळं यायचं. "तीर्थरूप आबांस शिरसाष्टांग नमस्कार. कांदे पोचले. यंदा सुटे पाठवलेत ते फार बरे केलेत. माळ टांगायला जागा नाही. यापुढे सुटेच पाठवत जावे."

आबा चौथी शिकलेले होते, पत्र स्वतः वाचायचे. त्यांनी ते अक्षरशः घेतलं, यात त्यांचं काय चुकलं?

नंतर शेजारीण मुंबईला लेकाकडे आली होती, ती मला भेटून गेली. दारातच म्हणाली, "अगो बाय, तुझा आबा बोलत न्हाय आताशा. दाढी करत न्हाय, पेज करून ठेवतो नि खात न्हाय. इचारलं तर म्हंतो, करमत न्हाय."

करमत नाही! या दुखण्याला त्या काळी आमच्याकडे तेवढाच एक शब्द होता, आणि तोच शब्द सुट्टीत कंटाळलेलं पोरही वापरायचं. तापाला काढा होता, पोटाला ओवा होता. करमत नाही म्हणणाऱ्याला लोक म्हणायचे, देवळात जाऊन बस, भजनाला ये. मला तर शेजारीण टोमणाच मारते आहे असं वाटलं. मी फणकाऱ्याने म्हटलं, "वय झालं की असंच व्हतं, काकी." आणि डॉक्टरांना विचारून एक टॉनिकची बाटली तिच्याकडे दिली. पुढे आणखी दोन पाठवल्या. लेक म्हणून मी कुठे कमी पडले नाही, असं मला त्या बाटल्यांमुळे खुशाल वाटत राहिलं.

"माझ्याकडे येऊन राहा," असंही मी लिहिलं. आबांचं उत्तर आलं, लेकीच्या घरी बाप राहत नसतो. आमच्यात तशी रीतच होती. आई तर मला मूल होईपर्यंत माझ्या घरचं पाणी प्यायली नव्हती. पण रीतीच्या आड मी किती सोयीने लपले ते मला माहीत आहे. उत्तर वाचून मी सुटकेचा निःश्वास टाकला. एकदा जाऊन हाताला धरून आणलं असतं, तर आबा नाही म्हणाले असते का? कदाचित म्हणाले असते. मी विचारायला गेले नाही, हे खरं.

त्यांची माझी शेवटची भेट झाली ती त्यानंतरच्या शिमग्याला. पुढे पावसाळ्यात, बोटी बंद असताना, आबा गेले. मी पनवेलवरून खड्ड्याखड्ड्यांतून पोचले तेव्हा सगळं उरकलं होतं. कशाने गेले म्हणून विचारलं, तर कुणाला धड सांगता येईना. शेजारीण म्हणाली, "जेवन सुटलं व्हतं." तिने मला चार शब्द सुनावले असते तर मला बरं वाटलं असतं.

पण त्या शिमग्याचं सांगायचं आहे. मी गेले तेव्हा आबा पडवीत भिंतीकडे तोंड करून बसले होते. मला बघून उठले, चहा ठेवला, मुलांची चौकशी केली. सगळं रीतसर, पाहुणीशी बोलावं तसं. कोनाड्यात माझ्या तिन्ही बाटल्या होत्या. बूचसुद्धा उघडलेलं नव्हतं. पडवीच्या कोपऱ्यात कांद्यांचा ढीग होता. शेजाऱ्यांनीच उपटून आणून टाकलेला, पातीसकट, कुणी हात न लावलेला.

"आबा, माळा न्हाय वळल्यास?" मी विचारलं.

"तूच लिवलंस ना, सुटे बरे," ते म्हणाले. "मग बसायचं कशाला?"

त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मी भांडले असते, भांडण मला जमतं. माळ ही माझ्यासाठी कधीच नव्हती. ती त्या घरातली दोघांची सकाळ होती, आणि आई गेल्यावर आबा खुंटी हाताशी घेऊन, एखादं वर्ष हुकलं तरी, तेवढी सकाळ कशीबशी धरून होते. मी एका पोस्टकार्डाने त्यांना सांगितलं होतं, तिचीही गरज नाही.

दोन दिवस मी घर झाडलं, भांडी घासली, त्यांची दाढी करवली. निघायच्या सकाळी लवकर उठले, ढिगाजवळ बसकण मारली आणि दोराचं टोक हातात घेतलं.

"आबा, ये. मी टोक धरते, तू वळ."

ते आले. माझ्यासमोर मांडी घालून बसले. त्यांनी एक कांदा उचलला, मोठा, बघून निवडलेला. पात दोराशी धरून पीळ दिला, आणि ती त्यांच्या बोटांत चुरली. दुसरा घेतला. तोही तसाच. मी पाणी शिंपडते म्हटलं, शिंपडलंही. ओली होऊन पात आणखीच तुटायला लागली. चार-पाच कांदे झाल्यावर आबांनी धोतराला हात पुसले.

"आता न्हाय वळायची बाय. पात वाळली," ते म्हणाले. माझ्या हातातलं टोक त्यांनी हलकेच काढून घेतलं आणि खुंटीला अडकवलं. "तू ऊठ. तुझी बोट चुकंल."

मी उठले, आणि ती बोट मला मिळाली.