नवरीच्या मूळपुरुषाचं देवक

गेल्या मार्गशीर्षात, हळदीला चार दिवस राहिले असताना, येरमाळ्याजवळच्या आमच्या गावी माझ्या वडिलांनी जाहीर केलं, की नवरीचं देवक कळल्याशिवाय ते मांडवात पाय ठेवणार नाहीत.

लग्न माझ्या पुतण्याचं होतं, म्हणजे थोरल्या भावाच्या मुलाचं. तो अमेरिकेत नोकरीला आहे आणि नवरीही तिथलीच. ती जनावरांची डॉक्टर. गावात आल्या दिवशी ती चहा घ्यायच्या आधी गोठ्यात गेली आणि लंगडणाऱ्या म्हशीचा खूर उचलून बघितला. त्यामुळे तिच्याबद्दल वडिलांचं वैयक्तिक काही म्हणणं नव्हतं. म्हणणं फक्त कुळीचं होतं.

पहिली पत्रिका येडेश्वरीच्या पायाशी ठेवून झाली होती, मांडवाचे खांब रोवले गेले होते, आचारी ठरला होता. वडिलांची घोषणा ऐकून भाऊ म्हणाला, "आबा, अमेरिकेत देवक कुठलं असतंय?"

"माणूस म्हणलं की कूळ आलं. कूळ म्हणलं की देवक आलं," वडील म्हणाले. "आन् उद्या ती आपल्याच देवकाची निघाली तर? बहीण-भावाचं लगीन लावायचं का?"

आमच्याकडे देवक म्हणजे कुळाचं चिन्ह. कुणाचं झाड, कुणाचं फूल, कुणाचं मोरपीस. हळदीच्या दिवशी दोन्ही घरं आपापलं देवक बसवतात. दोन्हीकडचं एकच निघालं तर मुलगा-मुलगी भाऊ-बहीण ठरतात आणि लग्न मोडतं. आमचं देवक सूर्यफूल. वडिलांनी ते त्यांच्या गावाहून, बेंबळीहून आणलेलं.

वडील बेंबळीचे आहेत, ही गोष्ट इथंच नोंदवायला हवी. माझी आई तिच्या आईबापांची एकुलती एक. लग्नानंतर वडील बायकोच्या गावी राहायला आले आणि सासऱ्याची जमीन कसू लागले. याला आता साठच्या वर वर्षं झाली. सासरे गेले, बरोबरीचे गेले, तरी गाव अजून त्यांना जावईबापू म्हणतं. घरात मात्र 'घरजावई' हा शब्द उच्चारायचा नाही, असा अलिखित नियम होता. वडिलांनी आमच्या प्रत्येक लग्नात देवकाचा हट्ट इतरांपेक्षा जरा जास्तच धरला, तो बेंबळीच्याच देवकासाठी असायचा.

पुतण्यानं सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं, "आबा मांडवात नसतील तर मी लग्न लावणार नाही. आम्ही दोघं परत जातो."

वहिनी स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. हाताला पीठ होतं. त्या कुणाकडेही न बघता म्हणाल्या, "आजा तसा नातू. मदी माझा जीव चाललाय."

वडिलांनी माझ्याकडे बोट केलं. "ह्यो बातमीदार हाय न्हवं? सगळं आयुष्य दुसऱ्याच्या घरच्या भानगडी शोधल्या. आता आपल्या घरची शोध म्हणावं."

मी वर्तमानपत्रात होतो हे खरं. काम माझ्याकडे आलं.

नवरीला देवक समजावून सांगायला पुतण्याला अर्धा चहा लागला. तिला ते फारच आवडलं. तिचे वडील हयात नाहीत, आई लग्नाच्या आदल्या दिवशी पोहोचणार होती. घराण्याची माहिती तिच्या आजीला, वडिलांच्या आईला, असं ती म्हणाली. संध्याकाळी आमच्याकडे दिवे लागले, तिकडे सकाळ झाली, तेव्हा आजीला फोन लावला. फोन ज्वारीच्या पोत्याला टेकवून उभा केला आणि समोर सतरंजीवर सगळं घर बसलं.

पडद्यावर पांढऱ्या केसांची, ताठ बसलेली बाई दिसली. वडिलांनी तिला नमस्कार केला आणि थेट विषयाला हात घातला. "बाई, तुमचा मूळपुरुष कोण?"

पुतण्यानं इंग्रजीत सांगितलं. आजीला हा प्रश्न मनापासून आवडला, असं दिसलं. ती बोलत राहिली, पुतण्या मराठीत सांगत राहिला. घराण्याचा पहिला माणूस शेतकरी. जहाजातून आला. तेव्हा अमेरिकेवर इंग्रजांचं राज्य होतं. तो मात्र इंग्रज नव्हता, जर्मन होता.

"जर्मनचा?" आई म्हणाली. "म्हंजी आपल्या ॲल्युमिनच्या पातेल्यावानी?"

सतरंजी हसली. वडिलांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. "हितं निजाम, तिकडं इंग्रज. शेतकऱ्याला कुणीबी सारखंच. पुढं?"

पुढं असं, की त्याची शेती डोंगराच्या उतारावर होती. एक दगडी कोठार अजून उभं आहे. खाली गोठा, वर वैरण.

"खाली जनावर, वर वैरण," वडील भावाला म्हणाले. "बघ. तू पत्र्याचं शेड घातलंस."

मी विचारलं, घराण्याची काही खूण आहे का? झाड, फूल, पक्षी, काहीही. आजीनं डोळे मिटले, मग उघडले. कोठाराच्या दाराच्या वरच्या दगडावर काहीतरी कोरलेलं आहे, लग्न होऊन आली तेव्हा तिनं ते बोटानं गिरवलं होतं. काय होतं ते आठवत नाही. पण कोठार गाडीनं फार लांब नाही. उद्या ती जाऊन दाखवेल.

"गाडी कोण चालवणार?" आईनं विचारलं.

"ती स्वतः," पुतण्या म्हणाला.

आई पडद्याजवळ सरकली. मग वडिलांना म्हणाली, "अवं, मला बी शिकवायची व्हती की गाडी."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सतरंजी अपुरी पडली. बातमी गावात गेली होती. मांडववाला हातातला दोर न सोडता येऊन बसला होता. फोन लागला तेव्हा आजी कानटोपी घालून मोकळ्या रानात उभी होती आणि जमीन पांढरी होती.

"मीठ फुटलंय जणू रानाला," आई म्हणाली.

"बर्फ आहे, आजी," पुतण्या तिला म्हणाला.

पडदा हलला, आभाळ दिसलं, आजीचा बूट दिसला, मग दगडी भिंत. मोठी, सरळ, चांगल्या हाताची. वडील पुढे सरकले. फोन हळूहळू दाराच्या वर गेला. दगडावर मधोमध एक गोल होता आणि गोलाभोवती पाकळ्या.

वडील उठून उभे राहिले. "सूर्यफूल!" ते ओरडले. "अरे, सूर्यफूलच की!"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मांडववाल्यानं शिट्टी मारली. भावानं वहिनींना, वहिनींनी नवरीला, नवरीनं माझ्या आईला मिठी मारली. तिकडे आजीलाही कळलं की काहीतरी चांगलं घडलंय. तिनं कानटोपी काढून हवेत हलवली. दोन दिवसांत पहिल्यांदा वडील हसत होते.

नवरीच्या मिठीतूनच आई म्हणाली, "अवं, पण आपलं बी तेच हाय की."

टाळ्या थांबल्या. पडद्यावर आजी अजून टोपी हलवत होती.

वडील खाली बसले. "झालं," ते म्हणाले. "म्या म्हणलं न्हवतं? भाऊ-बहीण निघाले."

यानंतर सगळे एकदमच बोलू लागले. भावाचं म्हणणं, ते सूर्यफूल नाहीच, चाक आहे. वहिनींचं म्हणणं, चाक नाही, शेवंती आहे. मांडववाल्याचं म्हणणं, खांब उपटायचे असतील तर आत्ताच सांगा, त्याला कळंबला दुसरं लग्न आहे. नवरीनं पुतण्याला विचारलं, आपण आता भाऊ-बहीण आहोत का? त्यानं सांगितलं, आबांच्या मते हो. तिला हसू आवरेना. ती हसते म्हणून तो हसायला लागला आणि ते दोघं हसतात म्हणून वहिनी रडायला लागल्या.

"शेवंती असो न्हायतर चाक," वडील म्हणाले, "म्या सूर्यफूल बघितलं. आता डोळं झाकून बघितलंच न्हाय म्हणू का?"

बातमी एका खुणेवर छापत नाहीत. कोठारावर फूल आहे एवढं सिद्ध झालं होतं. कोठार कुणाचं, हे कुणी विचारलंच नव्हतं. मी पुतण्याला आजीला विचारायला सांगितलं, की हे कोठार त्या जर्मन माणसानं स्वतः बांधलं का?

आजीनं टोपी परत घातली. नाही, ती म्हणाली. तो आला तेव्हा कोठार होतंच. फुलाच्या शेजारी दोन अक्षरं कोरलेली आहेत. ती त्याच्या नावाची नाहीत, त्याच्या सासऱ्याच्या नावाची आहेत.

"सासऱ्याच्या?" वडील म्हणाले.

मग तिनं सगळं सांगितलं. तो आला तेव्हा त्याच्याकडे जहाजाचं भाडं नव्हतं. अशा माणसाला तिकडे कुणी शेतकरी ठेवून घ्यायचा, भाडं भरायचा आणि त्या बदल्यात काही वर्षं राबवून घ्यायचा. हा ज्याच्याकडे राबला तोही जर्मनच होता, आधी आलेला. त्याला मुलगा नव्हता, एक मुलगी होती. वर्षं भरली, हा गेला नाही. मुलीशी लग्न केलं आणि तिथंच राहिला.

पुतण्या हे मराठीत सांगताना शब्द शोधत होता. वडिलांनी त्याला शब्द दिले.

"म्हंजी सालगडी व्हता."

"हो."

"आन् मग घरजावई."

घरात साठ वर्षांत न उच्चारलेला शब्द वडिलांनीच उच्चारला होता. मग आईनं तोंडात पदर घातला. पण हसू पदरात मावलं नाही. तिनं एका हातानं पोतं धरलं, फोन कलंडला आणि अमेरिकेतलं कोठार आडवं झालं.

"हसा," वडील म्हणाले. "हसा."

फोन सरळ करून मी आजीला आणखी एक गोष्ट विचारली, कारण ऐकीव गोष्टीला दुसरा आधार लागतो. त्या माणसाला पुरलं कुठं? आजी कोठाराच्या मागे चालत गेली. बर्फात तिच्या बुटांचा आवाज येत होता. तिथं सासरच्या घराण्याची दगडांची रांग होती. रांगेच्या टोकाला, जरा बाजूला, त्याचा दगड होता. त्याच्या आडनावाचा तिथला तो पहिला दगड. त्याच्या पुढं मग सगळी त्याचीच माणसं.

वडील पडद्याजवळ गेले. त्यांनी चष्मा वर केला आणि तो दगड बराच वेळ बघितला.

"सासुरवाडीच्या रांगंत हाय," ते म्हणाले. "मला बी हितंच नेणार हायेत तुमी."

"बेंबळीला नेऊ की," आई म्हणाली.

"कशाला? हितंच बरं हाय." ते पुतण्याकडे वळले. "इचार तिला. गाव त्याला काय म्हणायचं?"

आजीला ते माहीत नव्हतं.

"जावईबापूच म्हणत असणार," वडील म्हणाले आणि खदखदून हसले. ते असे हसताना मी आधी पाहिले नव्हते. मांडववाला हसला आणि दचकून थांबला. वडील त्याला म्हणाले, "म्हण रं, म्हण. दोघं हाय आता आमी."

शेवटी भावानं भीत भीत मूळ प्रश्न काढला. "आबा, मग देवकाचं?"

"त्याचं काय? सूर्यफूल सासऱ्याचं. घरजावयाचं देवक सासऱ्याचं नसतंय, बापाचं असतंय. माझं न्हाय का बेंबळीचं? पोरगी त्याच्या वंशाची. भाऊ-बहीण न्हायती."

"पण तिचं खरं देवक काय ते कळलंच नाही."

"ते त्याच्या गावाला राहिलं. ज्याचं ठाव न्हाय त्याचं पंचपल्लव. पाच झाडांचा पाला. कुणालाबी चालतंय."

"आबा," भाऊ म्हणाला, "हे पहिल्याच दिवशी म्हणता आलं असतं."

"पहिल्या दिवशी तो घरजावई हाय हे कुठं ठाव व्हतं?"

फोन ठेवण्याआधी आजीनं वडिलांसाठी एक निरोप दिला. तिला प्रवास झेपणार नाही. नवरीकडून एकटी तिची सून, म्हणजे नवरीची आई, येणार आहे. तिथं आणखी कुणीतरी वडीलधारं बसलेलं असावं, असं तिला वाटत होतं.

"मी बसतो," वडील म्हणाले. "तिकडून."

"आबा, तुम्ही नवरदेवाचे आजोबा," वहिनी म्हणाल्या. डोळे पुसून झाले होते.

"त्याला लई माणसं हायेत. जर्मनाला कोण हाय?"

हळदीच्या दिवशी सकाळी वडिलांनी स्वतः आंबा, वड, पिंपळ, उंबर आणि जांभळाचा पाला तोडून आणला. वराकडचं सूर्यफूल भाऊ आणि वहिनींनी बसवलं. वधूकडचं पंचपल्लव वडिलांनी बसवलं. देवक बसवायला जोडी लागते, म्हणून आई तेवढ्यापुरती वधूपक्षात गेली आणि विधी संपताच उठून परत वरपक्षात आली.

लग्न ठरल्या वेळेला लागलं. नवरीकडच्या रांगेत पहिल्या खुर्चीवर फेटा बांधून वडील होते, त्यांच्या शेजारी नवरीची आई आणि तिच्या हातातल्या फोनवर मध्यरात्री जागी राहिलेली, कानटोपी न घातलेली आजी. अक्षता पडल्यावर वडिलांनी काही दाणे फोनवरही टाकले.

जेवणाच्या वेळी आईनं वाढप्यांना सांगितलं, की आमच्यात नवरीकडच्यांची पंगत शेवटी असते. वडिलांना हाक मारली गेली नाही. त्यांनीही मागितलं नाही. नवरीच्या आईशी ते म्हशीच्या खुराबद्दल मराठीत बोलत बसले. ती मान हलवत होती.

शेवटची पंगत उन्हं कलल्यावर बसली. वडील तीत जेवले. बुंदी संपली होती.